सातव्या घरातला मंगळ

मंगळ या ग्रहाशी आमच्या घराचे वैर जुने. शनीचे आम्हांला कधी विशेष भय वाटले नाही. साडेसाती आली तशी गेली; मारुतीला शनिवारी तेल घातले की तिची सोय होई. राहू-केतू आमच्याकडे ग्रहणापुरते येत आणि दान घेऊन जात. मंगळ मात्र मुक्कामाला होता. ताईच्या पत्रिकेत आठव्या घरात तो ठाण मांडून बसला होता, आणि ती वयात आल्यापासून महालातल्या आमच्या वाड्यात त्याचे नाव दबक्या आवाजातच निघे. दारात वसुलीला बसलेल्या सावकाराचे निघावे तसे.

आणि मौज अशी की, माझ्या लहानपणातला सर्वांत सुखाचा उन्हाळा मला याच मंगळाने दिला. तो १९६९ सालचा.

नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला गच्चीवरच्या रात्रींचे सुख वेगळे सांगायला नको. दिवसभर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, कांदा खिशात ठेवून लू चुकवायची, आणि दिवेलागणीला गच्चीवर बादल्या रित्या करायच्या. फरशी चुर्र आवाज करी, वाफ निघे, आणि तासाभराने बाजा मांडता येत. उशाशी सुरई. वाड्यातली आम्ही पाच-सात पोरे ताईच्या बाजेभोवती गोळा होत असू. ताई तेव्हा बावीस वर्षांची होती, बी. एस्सी. झालेली होती आणि घरी बसलेली होती. ‘घरी बसलेली’ या दोन शब्दांत त्या काळी सारे येई.

रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला एक तांबडा गोळा वर येई. त्या मे-जूनमध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ, म्हणजे साडेसात कोटी किलोमीटरच्या आत आला होता. (जवळपणाची ही कल्पना फक्त ज्योतिर्विदांनाच परवडते.) तो वृश्चिक राशीत होता, ज्येष्ठा नक्षत्राच्या शेजारी. ज्येष्ठेचा तारा तांबूस. ग्रीकांनी त्याला अँटारेस म्हटले, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी. दोघे आजूबाजूला उभे असले की नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटते. आमच्या शास्त्रीबुवांना त्यात कौतुकाचे काही दिसत नव्हते. “मंगळ स्वगृही आहे, शिवाय वक्री. मुलीच्या बाबतीत जपून असावे,” असे ते आईला सांगून गेले होते. ताईच्या बोटात पोवळ्याची अंगठी आली होती आणि मंगळवारी तिच्या पानात साबुदाणा.

त्याच दिवसांत ताईने बर्डीवरच्या फुटपाथवरून बारा आण्यांना एक जुने इंग्रजी पुस्तक आणले. मुखपृष्ठावरील बाईच्या अंगावर कपडे बेताचे असल्यामुळे त्याला लगोलग वर्तमानपत्राचे कव्हर चढले, आणि आईच्या समजुतीने ते रसायनशास्त्राचे झाले. एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची ती मंगळावरची कादंबरी. १९१२ साली मासिकात क्रमशः आली आणि १९१७ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात मंगळावरची माणसे आपल्या ग्रहाला बार्सूम म्हणतात.

ताईने आम्हांला बार्सूम सांगायला सुरुवात केली आणि आमचा उन्हाळा फिरला.

जॉन कार्टर नावाचा एक फौजी गडी अ‍ॅरिझोनाच्या डोंगरात एका गुहेपाशी अडकतो, आकाशातल्या मंगळाकडे पाहून हात पसरतो आणि तिथे जाऊन पडतो. कसा जातो, हे लेखकाने सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मंगळावर वजन पृथ्वीच्या दोन-पंचमांशाइतकेच भरत असल्यामुळे गडी पाऊल उचलायला जातो तो कोठल्या कोठे उडतो. समुद्र केव्हाच आटलेले. त्यांच्या तळावर पिवळ्या शेवाळाची गादी. ओस पडलेली संगमरवरी शहरे. आकाशात दोन चंद्र. जे थोडे पाणी ध्रुवांवर उरले ते कालव्यांनी आणून तांबड्या रंगाचे लोक कशीबशी शेती करतात. आणि हवाही संपत आलेली म्हणून ती एका भल्या मोठ्या कारखान्यात तयार होते. त्या कारखान्याची दारे मनात काही ठरावीक ध्वनी आणले तरच उघडतात. हिरवी माणसे पंधरा फूट उंच, त्यांना दोन पाय, दोन हात, आणि मध्ये आणखी दोन, हवे तर हात, हवे तर पाय. ती अंड्यातून निघतात.

हे सगळे ताई अस्सल नागपुरी थाटात सांगे. हिरव्यांचा सरदार तार्स तार्कस याचे आम्ही ‘तरस’ करून टाकले होते. तो कार्टरला प्रथम भेटतो तेव्हा कमरेवर चार हात ठेवून विचारतो, “काऊन बे पोट्ट्या, कोठून टपकला? काय करून राहिला इथं?” आम्ही हसून बाजेवरून खाली पडत असू. खालून बाबांचा आवाज येई, “ताई, पोरांना झोपू दे!” बाबा ए. जी. ऑफिसात होते, आणि रामनसाहेब नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी काही दिवस आमच्याच खात्यात नागपूरला होते, ही गोष्ट ते वर्षातून चारदा सांगत. त्यामुळे विज्ञानाचा विषय चालला आहे असे म्हटले की ते फारसे रागावत नसत.

मधूनच ती वेल्सच्या मंगळाकडे वळे. १८९८ च्या त्या कादंबरीतले मंगळवासी लंडनच्या आसपास उतरून हाहाकार करतात आणि शेवटी इथल्या साध्या रोगजंतूंनी मरतात. “सुंठीचा काढा दिला असता कोणी तर वाचले असते बिचारे,” ताई म्हणे. पण आमचा जीव बार्सूममध्ये. तिथली राजकन्या देजा थोरिस हिच्यासाठी कार्टर दोन चंद्रांखाली तलवार चालवी आणि आम्ही श्वास रोखून तो तांबडा गोळा बघत असू. तिथे ती आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

शंका शाळेतून आली. मास्तरांनी सांगितले की मंगळावर कालवेबिलवे काही नाहीत, अमेरिकेच्या यानाने फोटो काढले आहेत. मी रात्री मोठ्या ऐटीत ही बातमी ताईला दिली.

“ठाऊक आहे मला. चार वर्षं झाली,” ती म्हणाली. खरेच, १९६५ च्या जुलैत मरिनर-४ मंगळाजवळून गेले, एकवीस-बावीस चित्रे पाठवली आणि त्यांत दिसली ती चंद्रासारखी विवरे. ताईने ते कात्रण जपून ठेवले होते.

“मग खोटं कशाला सांगतेस?”

“गोष्ट म्हणून सांगते, बाळू. गोष्ट आहे हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.” थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “माझ्या मंगळानं कोणाचं लग्न मोडत नाही.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीचे एक स्थळ येऊन गेले होते. मुलगा इंजिनियर. पोहे झाले, सुपारी झाली, मुलाने ताईला चक्क दोन प्रश्न विचारले आणि तिच्या उत्तराला तो हसलादेखील. मंडळी बसस्टँडवर पोचायच्या आत आईने मनातल्या मनात कार्यालय ठरवले होते. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. ‘मुलगी सर्वतोपरी पसंत असून पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.’ पोस्टकार्ड असल्यामुळे ते पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांनी वाचले होते.

त्या रात्री ताई वर आली. आम्ही तिला गोष्टीच्या ऐन गाठीवर गाठले होते. हवेचा कारखाना बंद पडला आहे, साऱ्या बार्सूमचा श्वास कोंडत चालला आहे आणि कार्टर त्या बंद दारासमोर पोचला आहे. “पुढे?” आम्ही म्हणालो. ताईने त्या तांबड्या गोळ्याकडे पाहिले, पांघरूण डोक्यावरून घेतले आणि कूस बदलली. दोन-तीन दिवसांनी मृगाचा पाऊस लागला, बाजा खाली गेल्या. जुलैत माणूस चंद्रावर उतरला आणि सारा वाडा रेडिओभोवती जमला. बार्सूमचे दार बंदच राहिले.

या कालव्यांची हकीकत मी पुढे मोठेपणी वाचली, आणि ती बरोजच्या कादंबरीहून कमी रंगतदार नाही. १८७७ साली मिलानच्या शियापारेल्लीने दुर्बिणीतून मंगळावर रेघा पाहिल्या आणि त्यांना आपल्या इटालियन भाषेत ‘कानाली’ म्हटले. त्याचा अर्थ नुसते चर किंवा ओहोळ असाही होतो. इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले. आणि कालवा म्हटला की खणणारा आला! बोस्टनच्या पर्सिव्हल लोवेल या धनिकाने १८९४ साली अ‍ॅरिझोनात फ्लॅगस्टाफ येथे स्वतःची वेधशाळा उभारली, शेकडो कालव्यांचे नकाशे काढले, आणि तहानेने मरत चाललेल्या एका शहाण्या जमातीचे ते पाटबंधारे खाते आहे असे जाहीर केले. बरोजचा कार्टर अ‍ॅरिझोनातूनच उडाला, हा योगायोग नसावा असे मला आपले वाटते.

यावर ग्रिनिचच्या मॉन्डर नावाच्या ज्योतिर्विदाने १९०३ साली एक सुरेख तोड काढली. त्याने शाळेतल्या मुलांसमोर एक चित्र टांगले. त्यात नुसते ठिपके, डाग आणि तुटक खुणा होत्या. कालवा एकही नाही. मुलांना जसे दिसते तसे काढायला सांगितले. पुढच्या बाकांवरच्यांनी ठिपके काढले, फार मागच्यांना काहीच दिसले नाही, आणि मधल्या बाकांवरच्या पोरांनी सरळ रेघा ओढल्या! हे वाचले तेव्हा मला आमचे शास्त्रीबुवा आठवले. बारा घरे, नऊ ठिपके, आणि त्यांमधून ओढलेल्या किती रेघा! अमुकच्या सुनेला मंगळ होता, तिचा नवरा गेला. ही एक रेघ. जिला मंगळ नव्हता तिचाही गेला, तो ठिपका मात्र कोणी मोजीत नाही. पुण्याला २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिले. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली, त्यांतली सरासरी शेकडा शेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती.

पण हे शहाणपण झाले चाळीस वर्षांनंतरचे. १९६९ ते १९७२ या तीन वर्षांत आमच्या घरी नऊ स्थळे आली आणि नऊ गेली. ताई एका शाळेत भूगोल शिकवू लागली. हसायची, पण मोजून. एके दिवशी आई देवापुढे बसून म्हणाली, “मंगळसूत्रात मंगळ, मंगळागौरीत मंगळ, कार्यालयाच्या पाटीवरसुद्धा मंगल, मग माझ्याच पोरीच्या वाट्याला आला तेव्हाच मेल्याला काय झालं?” या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्र्यांनीही अद्याप दिलेले नाही.

मग १९७२ च्या माघात भाऊजी आले. वर्ध्याचे, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब, चष्मा जाड. आणि पत्रिकेत मंगळ! तोही सातव्या घरात, कडक. शास्त्रीबुवा प्रसन्न झाले. “मंगळाला मंगळ. एकमेकांचा दोष एकमेकांना लागत नाही. डोळे मिटून द्या.” वैशाखात लग्न झाले. पाठवणीच्या वेळी ताईने पोवळ्याची अंगठी काढून आईच्या हातात दिली आणि कव्हर घातलेले ते पुस्तक ट्रंकेत टाकले.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना हात अडखळतो. १९८४ साली माझे लग्न ठरवायचे घाटत होते. अकोल्याची एक मुलगी पाहिली. शाळेत शिक्षिका होती. अर्धा तास आम्ही बोललो. ती मोकळेपणाने बोलली आणि मला आवडलीही. घरी आल्यावर पत्रिका पाहिली गेली. तिला मंगळ होता. बाबा तेव्हा नव्हते. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. ती म्हणाली, “बाळू, चार ओळी खरडून टाक रे.” मी सत्तावीस वर्षांचा होतो, एम. एस्सी. होतो, पगार मिळवत होतो. मरिनर, व्हायकिंग सगळे वाचलेला होतो. मी पोस्टकार्ड घेतले आणि लिहिले, ‘मुलगी सर्वतोपरी पसंत असून पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.’ मजकूर आठवायला मला क्षणभरही लागला नाही.

त्या वर्षी भाऊबिजेला वर्ध्याला गेलो तेव्हा ताईला हे कळलेच होते. तिने ओवाळले, अनारसे वाढले, आणि हात धुताना हळूच विचारले, “कार्ड कोणाच्या अक्षरात गेलं?”

मी काही बोललो नाही. निघताना तिने माझ्या पिशवीत ते जुने पुस्तक घातले. परतीच्या प्रवासात मी ते प्रथमच स्वतः वाचले, थेट शेवटापर्यंत. कार्टर त्या दारांना पुरा पडतो; दुसऱ्या एकाला आत सरपटताना पाहतो आणि शुद्ध हरपतो. जागा होतो तो अ‍ॅरिझोनाच्या गुहेत. हवा पुन्हा सुरू झाली की नाही, राजकन्या जगली की गेली, त्याला ठाऊक नाही. पुस्तक तिथेच संपते.

अकोल्याच्या त्या बाईंचे पुढे काय झाले, मलाही ठाऊक नाही.

माझे लग्न दोन वर्षांनी झाले. पत्रिका मी मागू दिली नाही. यात मोठेपणा काही नव्हता. ताईला तोंड दाखवायचे होते. मुलांना घेऊन रामन विज्ञान केंद्रात गेलो की मंगळाचा विषय निघे आणि मी चटकन शनीच्या कड्यांकडे वळत असे.

ही सारी जुनी कागदपत्रे बाहेर निघाली ती ५ नोव्हेंबर २०१३ रोजी. त्या दिवशी भाऊबीज होती, आणि वार मंगळवार. दुपारी दोन वाजून अडतीस मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून आपले मंगळयान उडायचे होते. भाऊजी निवृत्तीनंतर नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहायला आले होते. ओवाळणे आधी की उड्डाण आधी, यावर थोडा वाद होऊन, शेवटी ताई निरांजन लावून तबक घेऊन टीव्हीसमोर बसली. तिची दहा वर्षांची नात मांडीशी. आकडे उलटे मोजले गेले, धूर झाला, अग्निबाण ढगात शिरला. ताईने आधी टीव्हीला ओवाळले, मग मला. “भाऊच आहे तोही,” ती म्हणाली. “चव्वेचाळीस वर्षांची ओळख आहे.”

(ते यान पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला मंगळाभोवती फिरू लागले. सहा महिन्यांसाठी पाठवलेले, पण २०२२ पर्यंत इमानेइतबारे टिकले. आमच्याकडची सून असती तर तिच्या मंगळाचे काय कौतुक झाले असते!)

इतक्यात भाऊजींनी घसा खाकरला. “आता सांगायला हरकत नाही,” ते म्हणाले. “माझ्या पत्रिकेत मंगळ नाही.”

“नाही म्हणजे?” ताई म्हणाली. “सातव्या घरात आहे ना तुमच्या?”

“सहाव्या घरात होता. निरुपद्रवी. मी जन्मवेळ दोन तास अलीकडे ओढायला लावली, तो सरकला सातव्यात.”

हातातले तबक तसेच धरून ताई बघत राहिली. भाऊजी जमिनीकडे बघत सांगू लागले. ते तेव्हा बदलीवर नागपुरात होते. एका वाचनालयात एक मुलगी वेल्सची मंगळावरची कादंबरी मागत होती आणि ग्रंथपाल म्हणत होते, बाई, हे तुमच्या कामाचे नाही, ते गृहिणीविभागातले पाहा. त्यावर ती मुलगी म्हणाली होती, “मंगळ माझ्याच कामाचा आहे. माझ्या घरी राहायला असतो.” भाऊजींनी चौकशी केली, तर सारा महाल ते जाणून होता.

“पण शास्त्रीबुवांनी पत्रिका पाहिली होती,” मी म्हटले. “तेच तर म्हणाले, डोळे मिटून द्या!”

“म्हणणारच. सव्वापाच रुपये दक्षिणा घेऊन वेळ त्यांनीच सरकवली होती.”

पहिल्यांदा हसली ती ताई. इतकी की निरांजन विझले. सहासष्टाव्या वर्षी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, बाजेवरून खाली पडायचे आम्ही तसे. मग हसता हसता एकदम थांबली आणि म्हणाली, “एकेचाळीस वर्षं. आई गेली, तिला तरी सांगायचं होतं.”

“भीती वाटली,” भाऊजी म्हणाले. “खोटं ते खोटंच की.”

नातीला यातले काही कळले नव्हते. तिचे लक्ष टीव्हीवर. “आजी, मंगळावर आहे काय पण?”

“दगड, गंजलेली माती,” मी सांगू लागलो, “आणि कोरड्या नद्यांची पात्रं. कालवे नाहीत, पण पूर्वी कधीतरी पाणी होतं...”

“तू थांब,” ताई म्हणाली. तिने नातीला जवळ ओढले आणि चार हात कमरेवर ठेवल्यासारखे करून सुरुवात केली, “काऊन बे पोट्टे, कोठून टपकली?” मी समोर बसून ऐकत राहिलो. समुद्र आटले, चंद्र उगवले, तरस आला, राजकन्या आली. तासाभराने हवेचा कारखाना बंद पडला आणि कार्टर दारासमोर येऊन कोसळला. माझा चहा केव्हाच थंड झाला होता.

“मग?” नात म्हणाली.

“मग काय, दार उघडलं.”

“कोणी उघडलं?”

ताईने भाऊजींकडे पाहिले. ते चष्मा पुसत होते.

“होता एक जण,” ती म्हणाली. “सहाव्या घरातला.”